दुप्पट हप्ता

विम्याच्या ऑफिसात, रांगेत माझ्यापुढे शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या सासू-सून उभ्या होत्या.

“हप्ता एकदम दुप्पट? आज भांडणारच आहे मी. आपल्या दुकानात कोण पडून हातपाय मोडणार आहे?”

“आई, उद्या कुणाला इस्त्रीचा चटका बसला, तर भरपाई कोण देणार? त्यासाठीच असतो हा विमा.”

“पण गेल्या वर्षी तर निम्म्यात झाला होता!”

“गेल्या वर्षी दिवसाला चार-पाचजणी यायच्या. जितकी गिऱ्हाइकं जास्त, तितका हप्ता जास्त.”

“मग आता किती येतात?”

“तीसेक तरी.”

“तीस? काहीतरीच!”

“तुम्ही आतल्या खोलीत तुरपाई करत बसता, मान तरी वर करता का? परवा बसायला स्टुलं पुरली नाहीत.”

“अगंबाई! तरीच कपड्यांचा ढीग संपत नाही. मला वाटलं, वयामुळे माझाच हात मंदावला.”

“मंदावतोय कसला!”

“चल, आला आपला नंबर.”

“आई, भांडू नका हं.”

“बोला आजी, काय काम आहे?”

“साहेब, आमचा हप्ता दुप्पट झालाय म्हणे. का झाला, ते जरा मोठ्यानं सांगा ना. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे!”