निळं म्हणजे शांत

हॉस्पिटलात, अहवालावर डॉक्टरांची सही घ्यायला थांबलेल्या इंजिनिअरशेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"आई, डोक्यातल्या त्या फुगलेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली, की तुझं रक्त कसं वाहील ते इथल्या लोकांनी कॉम्प्युटरवर आधीच बघितलंय. हे चित्र बघ, सगळं निळं. निळं म्हणजे शांत."

"माझंच रक्त ना गं?"

"मग काय शेजारणीचं?"

"तसं नव्हे. माझं मेलं काळीज मध्येच ठोका गाळतं. ते मोजायला कुणी आलंच नाही."

"अगं, त्यांना सगळं कळतं!"

इंजिनिअरने मांडीवरचा, त्याच निळ्या चित्राचा अहवाल उलटा केला. ठोक्यांच्या जागी त्याने नेहमीसारखे तयार आकडे भरले होते, कुण्या धडधाकट तरुणाचे.

"तुमचं कुणी आत आहे का हो?" म्हातारीने विचारलं.

"नाही, आजी. तुमचे ठोके मोजायचे राहिलेत... माझ्याकडून."