माझी तपासणी, अल्लाउद्दीनचं नाव

नाही, पण मी म्हणतो, नाव विचारायचंच कशाला? तपासायला आलोय ना? तपासा की! रक्त घ्यायचंय, घ्या! रक्तावर काय नाव लिहिलेलं असतं? पण नाही... टेबलामागच्या त्या मॅडम, पेन उचलून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "काका, पूर्ण नाव सांगा!" आता माझ्यामागं कुंभारीची सहा-सात माणसं कान टवकारून उभी, मी काय सांगणार, कप्पाळ? आणि तुम्हाला सांगतो, तिथंच घोळ झाला. थांबा, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे शिव्या तरी योग्य ठिकाणी घालाल.

मी शिवलिंगप्पा. वय एकसष्ट, राहायला जुळे सोलापूर. चेहऱ्यानं मला कुत्रं ओळखत नाही, पण आवाजानं निम्मा जिल्हा ओळखतो. रिक्षावर भोंगा लावून ते फिरतं ना, "खुशखबर, खुशखबर, चादरींचा भव्य सेल", तो मी. "नळाला पाणी उद्याऐवजी परवा येईल", तो पण मीच, त्याच्या तर मी रोज शिव्या खाल्ल्यात. घरात कसंही बोलतो, पण माइकसमोर बसलो की भाषा एकदम साजूक तुपातली.

तर एका संस्थेची माणसं आली. म्हणाली, प्रोस्टेटच्या कॅन्सरची जनजागृती करायचीय, गावोगाव शिबिरं घेणार, तुमचा आवाज पाहिजे. मी म्हटलं, प्रो... काय? मग त्यांनी चित्र काढून दाखवलं. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते म्हणे. एकसष्ट वर्षं माझ्याच अंगात मुक्काम आणि मला पत्ता नाही! उतारवयात तिथं कॅन्सर होऊ शकतो, सुरुवातीला बऱ्याचदा काही त्रासच होत नाही, म्हणून पन्नाशीनंतर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं, लवकर सापडला तर बरा होतो. मी लगेच खर्ज लावला, "पन्नाशी ओलांडलेल्या बंधूंनो! लाजू नका, लपवू नका, वेळेवर तपासून घ्या!" एका दमात ओके! संस्थेच्या माणसाच्या अंगावर काटा आला हो.

भोंगा अल्लाउद्दीनचा. अल्लाउद्दीन म्हणजे माझा तीस वर्षांचा दोस्त, आवाज माझा आणि रिक्षा त्याची, असा आमचा संसार. पहिल्या शिबिराला किती पुरुष आले असतील? चार! त्यातले दोन मांडववाले. रिक्षा गल्लीत शिरली की बायका दारात येऊन नीट ऐकायच्या आणि बाप्ये मागच्या दारानं पसार! एक जण तर डॉक्टरांना म्हणाला, "तरास माज्या मेव्हण्याला हाय, औशद माज्याकडं द्या, मी घिऊन त्येला पोचवतो." आणि मी हसायचो हो! टपरीवर बसून त्या माणसाची नक्कल करायचो. काय अडाणी लोक, म्हणायचो, स्वतःच्या शरीराची लाज वाटते!

आणि माझं काय चाललं होतं? दीड वर्ष झालं, रात्रीत चार-चार वेळा उठत होतो. आमची मंडळी, मायाक्का, ती एक दिवस म्हणाली, "आवं, भोंग्यातनं जगाला सांगताय, मग सोताचं कवा बगणार?"

"अगं, थंडीनं होतं."

"एप्रिल हाय!"

आता सोलापूरच्या एप्रिलमध्ये थंडी... पण तोंडाला येईल ते बोलून गेलो. डॉक्टरकडं जायचं तर सोलापुरात जागा कुठंय? कुठल्याही दवाखान्यात तोंड उघडलं की कंपाउंडर म्हणणार, "अरे, हे तर लाजू नका!" शेवटी सोलापूरबाहेर, कुंभारी गावातलं शिबिर गाठलं. घरात सांगितलं, बारशाला चाललोय. साठी उलटलेला माणूस, हातात पिशवी नाही, सोबत बायको नाही, आणि म्हणे बारशाला! मायाक्का एवढंच म्हणाली, "बाळाचं नाव काय ठिवलं ते आल्यावर सांगा."

मांडवाबाहेर अल्लाउद्दीनची रिक्षा उभी, तो गेलाय चहाला, आणि भोंग्यातनं माझाच आवाज, "बंधूंनो! लाजू नका, लपवू नका..." आणि मी कुठं? मी लिंबाच्या झाडामागं लपलेलो! अर्धा तास! मग तोंडाला रुमाल बांधला, आवाज ओळखू येऊ नये म्हणून गळ्यातनं किनरा सूर काढला आणि घुसलो रांगेत. आणि नेमकं तिथं ते... "काका, पूर्ण नाव?" मांडवाच्या फटीतनं दिसत होती फक्त रिक्षाची पाठ, आणि तिच्यावर ही मोठी अक्षरं. वाचलं. "अ... अल्लाउद्दीन." मोबाइल? तोही तिथंच रंगवलेला, सांगितले दहाच्या दहा आकडे. मॅडमनी वर बघितलं. रुमाल तोंडाला होता हो, कपाळाला नव्हता! कपाळावर विभूतीचे ठसठशीत तीन पट्टे! मॅडम एकदा कपाळाकडं बघतात, एकदा कागदाकडं. "आधार कार्ड?" "विसरलो." त्यांनी मुकाट लिहून घेतलं. आधीच पुरुष मोजके आलेले, हाही पळाला तर?

आधी रक्त घेतलं. मग आतल्या खोलीत डॉक्टर, आमच्या मुलापेक्षा लहान, म्हणाला, "काका, कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, बोटानं तपासतो." पुढचं मी सांगणार नाही. म्हणजे सांगायला हरकत नाही, पण तुमच्यात बायामाणसं बसलीत. अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट! एवढ्यासाठी दीड वर्ष? आणि त्या अर्ध्या मिनिटात बाहेरनं माझाच आवाज, "लाजू नका, लपवू नका!" मनात म्हटलं, गप की रे मेल्या.

पाचव्या दिवशी अल्लाउद्दीन माझ्याकडं आला, चहासुद्धा नको म्हणाला. मग म्हणाला, "अण्णा, शिबिरवालों का फोन आलता. रक्तात कायतरी आकडा जास्त हाय बोले. पुढची तपासणी करा, घाबरू नका बोले. मागं साखर बघायला रक्त दिलं होतं बघ मी, उसमेंच दिखा होगा."

आता बोलायला पाहिजे होतं की नाही मी? तिथंच, त्या क्षणी? "अल्ल्या, रक्त माझं आहे", चार शब्द! चादरींच्या सेलबद्दल तासभर बोलणारा माणूस मी, मला चार शब्द जमले नाहीत. मी काय म्हणालो माहितीये? त्याच्या खांद्यावर हात ठेवून, माइकवरच्या आवाजात, "मित्रा, लाजू नको, लपवू नको, वेळेवर तपासून घे." शुद्ध मराठीत! लाज वाटते हो सांगताना. जीभ झडली नाही माझी!

आणि एक दिवस नाही, आठ दिवस गप्प बसलो. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज वाटायचं, सांगितलं की तो आकडा माझा होणार. न सांगता तो त्याच्याकडं राहतो... असा विचार केला मी. दोस्ताबद्दल! तिकडं त्याच्या बायकोचे, अजीजाभाभींचे, डोळे रडून सुजलेले. तो तपासणीला जायलाही तयार नाही, म्हणतो, नशिबात असेल ते होईल. आठव्या दिवशी आपला जीव की प्राण असलेला अँप्लिफायर उचलून माझ्या दारात आला. "ये तेरे पास ठेव. आणि अण्णा, तीस सालात माझं काय चुकलं असेल, कहा-सुना माफ कर." त्यांच्यात लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस असं म्हणतो. आणि मी काय केलं? मी म्हटलं... "केलं माफ." ऐकलंत? मी त्याला माफ केलं! मी!!

तो गेला आणि मी मायाक्कासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "त्या बाळाचं नाव अल्लाउद्दीन ठेवलं." आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता लाटणं येणार. तिनं गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

त्यांच्या घरात, दोघांसमोर, मान खाली घालून सांगितलं. अजीजाभाभी म्हणाल्या, "भाईसाब, आठ दिन मैं रोई. उसका क्या?" अल्लाउद्दीन म्हणाला, "म्हणजे मेरे को कुछ नहीं?"

"नाही."

"और तेरे को?"

तुम्हाला सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवस मी ज्याच्या गळ्यात माझं मरण बांधून मजेत इडली खात होतो, तो मला विचारतोय, तुझं काय!

दुसऱ्या दिवशी त्याच रिक्षातनं मला दवाखान्यात नेलं. या वेळी नाव माझं. पुढच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तुकडा काढून बघितला... आहे. कॅन्सर आहे. पण लहान आहे, जागच्या जागी आहे. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात काका, बरं झालं." लवकर! मायाक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. उपचार चालू आहेत, बरा होईन म्हणतात.

अल्लाउद्दीननं माफ केलं, पण फुकट नाही केलं. माझ्यापुढं माइक ठेवला आणि म्हणाला, "आता खरं बोल." बोललो. "बंधूंनो, मी शिवलिंगप्पा. तुम्हाला लाजू नका म्हणालो आणि मीच लाजलो. लपवू नका म्हणालो आणि झाडामागं लपलो. दोस्ताचं नाव सांगून तपासून घेतलं." शेवटी शंकांसाठी माझा मोबाइल नंबर. हे त्यानं आठवडाभर फिरवलं, दुप्पट आवाजात, आणि आमच्या बोळात तर रिक्षा उभी करून! लोक पोट धरधरून हसले. पोरं मला बघून लिंबाच्या झाडामागं लपायला लागली. काय अब्रू राहिली? काही नाही!

पण पुढच्या शिबिराला पुरुष किती आले? बासष्ट! संस्थेची माणसं नाचायची बाकी होती. म्हणाली, शिवलिंगप्पा, तुमच्या आवाजानं कमाल केली. मीही जरा छाती काढली, लाज वाटत वाटत काढली. मग त्यांनी यादी दाखवली.

बासष्टमध्ये एकोणीस शिवलिंगप्पा. मोबाइल नंबर सगळ्यांचा एकच. माझा!

आता रोज फोन येतो. "शिवलिंगप्पा काका ना? तुमचा रिपोर्ट आलाय." मी विचारतो, "मॅडम, कितवा शिवलिंगप्पा? दिसायला कसा होता? टक्कल होतं का?" मग मी आणि अल्लाउद्दीन रिक्षा काढून त्याला शोधत फिरतो. सतरा जणांचा आकडा साधा निघाला, त्यांना सांगितलं, सुटलो. दोघांना पुढच्या तपासणीला बोलावलंय. त्यातला एक सापडला काल, कुंडलिक म्हणून, आमच्याच बोळातला. दारात गेलो, म्हटलं, "कुंडलिकराव, रिपोर्ट आलाय." तर दार अर्धं लोटून, माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणतो कसा, "म्या कुटं गेलतो? नाव तुमचं हाय न्हवं? मग तुमीच आसाल की त्यो."

काय बोलणार? कुठल्या तोंडानं? म्हटलं, बरं बाबा, मीच तो. उद्या सकाळी नऊला रिक्षा घेऊन येतो. नाव माझंच सांगा, पण अंग तेवढं तुमचं आणा.