अण्णांचा आलाप आणि चार मिनिटांची घंटी

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही बसा, खुर्च्या आहेत. उभं राहून ऐकलं म्हणून दुःख जास्त होत नाही.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. मला तसं येत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. मी इथल्या शाळेच्या कँटीनमध्ये ट्रे धुते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मुलगा म्हणाला, "आई, लिहून ने. नाहीतर तू तिथेही भांडशील." म्हणून लिहून आणलंय. पण समोर अण्णांचा फोटो, त्याला हार, आणि अक्षर दिसेनासं झालंय. अण्णांना हार आवडायचा नाही. शिंका यायच्या. हे कोणाला आठवलं नाही का? असो. सुमनताई, तुम्ही त्यांची बायको, तुम्ही घालू दिलात म्हणजे ठीकच असेल.

अण्णा माझे नात्याचे कोणी नव्हते. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आमची घरं एका रस्त्यावर, एवढंच. ते नागपूरचे मोठे इंजिनियर, मी सातारा जिल्ह्यातली. भारतात असतो तर एकमेकांशी बोललोही नसतो. इथे मात्र दर वर्षी बर्फ वितळायला लागलं की आमचं भांडण सुरू व्हायचं. कारण एकच. गाण्यांची स्पर्धा.

नवीन आलेल्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. दर वसंतात हायस्कुलाच्या हॉलमध्ये सगळ्या देशांची माणसं जमतात. पोलंडची, आयर्लंडची, ग्रीसची, इटलीची, आणि आपण. प्रत्येक देशाचं एक टेबल, टेबलावर झेंडा. प्रत्येक देशाचं एकच गाणं. एकच! आणि स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही. आता मला सांगा, भारताचं एकच गाणं निवडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? रमणिकभाई म्हणायचे गरबा. रंगनाथन म्हणायचे कृती, म्हणजे त्यांच्या दक्षिणेकडचं शास्त्रीय गाणं. मी म्हणायचे मंगळागौरीचं, टाळ्यांचं काहीतरी न्या, गोरी माणसंही ताल धरतील. आणि अण्णा डोळे मिटून म्हणायचे, "कमलबाई, टाळ्या म्हणजे गाणं नव्हे."

मी म्हणायचे, "आणि डोळे मिटणं म्हणजे गाणं का?"

मग सुमनताई समोसे आणायच्या. मीटिंग संपायची. ठरायचं काहीच नाही.

आमच्या लोकांना स्पर्धेपेक्षा स्पर्धेवर बोलायला जास्त आवडतं. गेल्या वर्षी ग्रीसला इटलीने मतं का दिली, यावर आपण अख्खा उन्हाळा काढलाय. "शेजारी शेजाऱ्याला देतो." "मग आपला शेजारी कोण?" "आपला शेजारी या हॉलमध्ये नाही, ते बरंच आहे." हे अण्णांचं. सगळे हसले होते. मीही हसले होते, पण दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सगळे भांडून दमले आणि अण्णांची पाळी आली. तुम्हाला आठवतंय ना? आठवणारच. अण्णांनी एक बंदिश बसवली होती. सुमनताई तंबोऱ्यावर. महिनाभर दोघांची प्रॅक्टिस. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. स्पर्धेचा नियम, एका गाण्याला चार मिनिटं. मग लाल कोट घातलेली बाई पितळी घंटी वाजवणार. घंटी वाजली की उतरायचं.

अण्णा बसले. डोळे मिटले. आलाप सुरू झाला.

मी घड्याळ बघतेय. आलाप चालू आहे. मी रमणिकभाईंकडे बघतेय, रमणिकभाई छताकडे बघतायत. आलाप चालू आहे. आयर्लंडच्या टेबलावरचा माणूस केक खायचा थांबला. आलाप चालूच आहे. मग अण्णांनी डोळे उघडले, हसले, हात पुढे केला, आता पहिला शब्द येणार...

टण्ण.

गाणं सुरूच झालं नाही, मंडळी! भारताची एंट्री आली आणि गेली, आणि गाण्यातला एक शब्द कोणाच्या कानावर पडला नाही. मी तिथेच पायऱ्यांवर गाठलं त्यांना. "अण्णा, हे काय?" तर म्हणतात, "नियमात लिहिलंय, गाण्याला चार मिनिटं. मिनिटं गाण्यापासून मोजायची. आलाप हा गाण्याच्या आधी." इंजिनियर माणूस! अमेरिकेत वीस वर्षं राहिलेला! त्याला खरंच वाटलं होतं की ती लाल कोटवाली पहिल्या शब्दाची वाट बघेल.

निकाल लागला. आपण शेवटचे. पण पोलंडच्या टेबलाने त्यांची सगळी मतं आपल्याला दिली होती. सगळी. त्यांची एक म्हातारी आली, अण्णांचा हात धरला, म्हणाली, "ब्यूटिफुल साँग." अण्णा म्हणाले, "मॅडम, गाणं सुरू व्हायचं होतं." तिने नुसता हात थोपटला. "आय नो, आय नो."

परत येताना गाडीत आम्ही सगळे अण्णांवर तुटून पडलो. आलाप एवढा कशाला? तेव्हा ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "कमलबाई, तुमच्या गावाकडे पाव्हणा उन्हातून आला तर त्याला लगेच ताटावर बसवता का? आधी पाणी देता, गुळाचा खडा देता, बसा म्हणता. आलाप म्हणजे ते पाणी."

मी म्हटलं, "अहो, पाणी देता देता पाव्हण्याची गाडी सुटली!"

सुमनताई एवढ्या हसल्या की गाडी बाजूला घ्यावी लागली. चालवत त्याच होत्या.

आता लोक शोकसभेत म्हणतात, शेवटी त्यांना माझं पटलं होतं. मी खोटं बोलणार नाही. त्यांना माझं कधीच पटलं नाही. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर नळ्या लावलेल्या, आवाज पार खोल गेलेला. मला बघून पहिलं काय विचारलं? "मीटिंगमध्ये काय ठरलं?"

मी म्हटलं, "काही नाही. समोसे संपले."

"म्हणजे नेहमीचंच."

"अण्णा, या वर्षी टाळ्यांचं गाणं जाऊ द्या ना."

मान हलवली. नाही. नाही म्हणजे नाही! असा माणूस. दुसऱ्या दिवशी गेला.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. माझा मुलगा तिकडून खुणा करतोय, पण सांगणार. परवा रमणिकभाईंचा फोन आला. "कमलबेन, इस साल इंडिया की एंट्री कॅन्सल करते हैं. रिस्पेक्ट के लिए." रमणिकभाई, तुम्ही भले माणूस. अण्णांना हॉस्पिटलात नेलं ती गाडी तुमची होती. पण मला सांगा, रिस्पेक्ट कोणाचा? ज्या माणसाने मरताना मीटिंगचं विचारलं, त्याच्या नावाने मीटिंगच बंद करायची? खरं कारण मी सांगू का? गरबा की कृती हे ठरत नाहीये, आणि भांडायला आता मन होत नाहीये. मलाही होत नाहीये. आता माझ्या टाळ्यांच्या गाण्याला नाही म्हणणारं कोणी राहिलं नाही. मी जिंकले. घ्या, जिंकले. काय चव आहे त्या जिंकण्याला? मिठाशिवाय भाकरी.

तर शुक्रवारी दुपारी मी पिठलं घेऊन सुमनताईंकडे गेले. सुमनताई आतल्या खोलीत. अण्णा गेल्यापासून त्या कामापुरतं बोलतात, हे जवळच्यांना माहीत आहे. तंबोरा दाराच्या मागे, खोळीत. त्यांची लेक मंजू सिंकपाशी भांडी घासत होती. आपली मंजू इथे जन्मलेली, इथे शिकलेली, तिला मराठी समजतं पण बोलत नाही. आणि भांडी घासता घासता ती काय गात होती? तो आलाप. तोच. संबंध. लहानपणापासून दर रविवारी अण्णांच्या तोंडून ऐकलेला, कोणी शिकवलेला नाही. मी पिठल्याचं पातेलं हातात धरून तशीच उभी.

मध्येच आतून सुमनताई दारात आल्या. म्हणाल्या, "तिथे थांबायचं असतं गं. थोडं थांबून मग खालच्या सुरावर यायचं."

मंजू म्हणाली, "आय नो, आई." आणि थांबली, आणि मग खाली आली.

मी पातेलं ठेवलं आणि म्हटलं, "मंजू, स्पर्धेत तू गा."

"नो वे, कमलमावशी. माय मराठी इज टेरिबल. पीपल विल लाफ."

मी म्हटलं, "यात मराठी कुठे आहे? मला एक शब्द काढून दाखव."

तिने नळ बंद केला.

मंडळी, तुम्हीही ऐका. रमणिकभाई, रंगनाथन, तुम्हीसुद्धा. इतकी वर्षं आपण भांडलो, कुठल्या भाषेतलं गाणं न्यायचं. आणि अण्णांनी जे चार मिनिटं गायलं त्यात भाषा कुठली होती? कुठलीच नव्हती. त्या पोलंडच्या म्हातारीला काय कमी पडलं? काही नाही. तेव्हा आपण अण्णांना हसलो, ते ठीकच होतं, हसण्यासारखंच होतं. पण भारताची एंट्री म्हणून या हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना चालेल असं दुसरं काही असेल तर आत्ता सांगा. रंगनाथन म्हणतील, पद्धत उत्तरेची आहे. म्हणा. जरूर म्हणा. पुढच्या वर्षी भांडायला काहीतरी उरलंच पाहिजे.

मंजूने हो म्हटलंय. पण तिची एक अट आहे. ती मला म्हणाली, तुम्हाला सगळ्यांना मी सांगतेय. "ओन्ली इफ आई प्लेज तंबोरा." आई तंबोऱ्यावर बसली तरच.

सुमनताई, मी तुम्हाला इथे उत्तर मागत नाही. चारचौघांत कोणाला असं विचारू नये एवढी अक्कल मला आहे, जरी वाटत नसली तरी. तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. नाही म्हणालात तर नाही. मी मंजूच्या शेजारी नुसती उभी राहीन, पण तंबोरा धरणार नाही. मला तो आणि कपडे वाळत घालायची दोरी सारखीच. तुम्ही नसाल तर ती जागा रिकामी राहील. आणि रमणिकभाई, ताईंचं उत्तर येईपर्यंत आपलं नाव मागे घ्यायचं नाही. तो तंबोरा खोळीतून निघतो की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्ही आधीच घंटी वाजवू नका.

झालं माझं. आता सगळ्यांनी उभं राहायचं. आता मात्र उभं राहायचं. आपल्याकडे दोन मिनिटं शांत राहतात. इतर लोकांना दोन पुरतात. अण्णांना पुरणार नाहीत. आपण निदान चार मिनिटं तरी गप्प राहू. मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलंय. जास्त झाली तरी चालतील.

अण्णा, इथे लाल कोटवाली कोणी नाही. सावकाश होऊ द्या. पाव्हणे बसलेत. कोणाची गाडी सुटत नाही.