आतून न उघडणारं दार

(मिसिसिपीकाठचं एक गाव. कोर्टासमोर उभी जुनी गाडी. स्टिअरिंगवर म्हातारा थर्मन, शेजारी त्याची नात डॅनिशा.)

थर्मन : ...आता हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, म्हणून फक्त तुला सांगतोय. हे समोरचं आख्खं कोर्ट एकदा पोहत गेलं होतं!

डॅनिशा : आजोबा, दार उघडा.

थर्मन : उघडतो गं. तुझ्या बाजूचं आतून उघडत नाही, मलाच उतरून यावं लागतं. गुडघ्यांना जरा तयारी करू दे.

डॅनिशा : गुडघे मघापासून तयारीच करताहेत. माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी नसले, तर पुढची तारीख थेट हिवाळ्यात. शाळेची बस तोवर दुसरंच कुणीतरी चालवत असेल.

थर्मन : पण मुळात जायचंच कशाला? पंधराव्या वर्षी चोरीच्या गाडीत सापडलीस. चालवतसुद्धा नव्हतीस! मागे बसून चिप्स खात होतीस. अठरा पूर्ण झाली की ते आपोआप पुसलं जातं. कुणालाही विचार.

डॅनिशा : सगळी वस्ती हेच सांगते. तेच धरून मी नोकरीच्या अर्जावर बिनधास्त ‘कधीच अटक नाही’ असं लिहिलं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. अटकेची नोंद होती तिथंच होती, वर मी खोटारडी ठरले. बाई भल्या म्हणून म्हणाल्या, न्यायाधीशाचा हुकूम आण, मग बघू.

थर्मन : त्या बाईला मी भेटतो. माझ्या बोलण्यानं दगडसुद्धा—

डॅनिशा : बाईंना नको, न्यायाधीशांना भेटा. वकीलबाईंनी तुमच्यासमोरच सांगितलं ना? रेकॉर्ड आपोआप पुसलं जात नाही, कोर्टाकडे तसा हुकूम मागावा लागतो. आणि जिला वाढवलं तिच्याबद्दल घरच्या माणसानं शपथेवर दोन शब्द बोलायचे. घरचं माणूस म्हणजे तुम्हीच. दुसरं आहे कोण मला?

थर्मन : म्हणून तर सांगतोय, ऐक! सतरा वर्षांचा होतो. शेरीफची नाव जरा फिरवायला नेली. आत शेरीफ झोपलाय हे मला काय माहीत?

डॅनिशा : मागच्या वेळी सांगितलंत तेव्हा नावेत त्याची सासू होती.

थर्मन : सासू पुढच्या टोकाला होती. मध्ये मध्ये बोलू नकोस. झालं, माझ्या नावावर खटला. मग माझा अठरावा वाढदिवस उजाडला आणि नदी कोर्टात शिरली. तळघरातलं लोखंडी कपाट तरंगत बाहेर आलं—

डॅनिशा : लोखंडी कपाट. तरंगत.

थर्मन : पापांनी हलकं झालं होतं! पुढे या गाडीएवढा कॅटफिश आला आणि त्यानं ते गिळलं. मी गळ टाकून बसलेलोच होतो. तुझ्या आजीनं मासा चिरला, तर पोटात माझा कागद. आणि कोरा! शाई पचवली होती पठ्ठ्यानं. आजीनं मासा मक्याच्या पिठात घोळवून तळला, गावजेवण झालं. त्या दिवसापासून माझी पाटी कोरी. कुठल्याही दारातून ताठ मानेनं आत जातो मी.

डॅनिशा : कुठल्याही?

थर्मन : कुठल्याही.

डॅनिशा : पहिलीत सहलीला प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी यायचं. फाटकावर नाव तपासून आत घ्यायचे. तुम्ही कुंपणाबाहेरून टोपी हलवत होतात.

थर्मन : फाटक अरुंद होतं गं. टोपी मावली नसती.

डॅनिशा : नाटकाच्या वेळी?

थर्मन : तेव्हा त्या रानडुकरानं माझे बूट पळवले होते ना! सांगितलं नाही का तुला?

डॅनिशा : शाळा संपली त्या दिवशी नवे बूट होते पायात. मला समारंभाची चौकोनी टोपी घालताना कुंपणाच्या जाळीतून बघत होतात.

थर्मन : ...तिथं सावली छान होती.

डॅनिशा : झाडच नव्हतं तिथं.

थर्मन : पोरी, पुकारा करणारा शिपाई म्हातारा आहे. हळू बोलतो. वेळ आहे अजून.

डॅनिशा : खोटं बोलताय, आजोबा. मासा नाही, पूर नाही. कोर्टाच्या रेकॉर्डवर तुमचं नाव अजून आहे तिथंच आहे, आणि आत शपथेवर ते विचारतील, म्हणून तुम्ही मला इथं बसवून ठेवलंय.