गवताचं यंत्र आणि बायनाबाई

"हॅलो?… हॅलो… हो, सेलूच. जिनिंगचं ऑफिस. मी बन्सीधर गुरुजी बोलायलोय, बोर्डिंगचा… हैद्राबादहून?… जोडा, जोडा. मी धरून बसलोय…

"हॅलो? वैजीनाथ?… हां, आता आला आवाज. तुझ्याच फोनची वाट बघत होतो. बरा आहेस ना?… कारखाना?… चांगलं. ऐक, यंत्र बंद पडलंय… गवताचं रे. बंगल्याचा साहेब जाताना बोर्डिंगला देऊन गेला होता ते, पेट्रोलवरचं. तू त्याच्या मागं मागं पळायचास… हो, तेच. आपला आश्रुबा चालवायचा ते.

"न्हाई, गवत मोठंच झालंय. पोरांच्या गुडघ्याच्या वर. परवा त्यात साप निघाला, तेव्हापासून मैदानावर कुणाला सोडत न्हाई. पोरं वर्गात कोंडल्यासारखी झालीत… विळ्यानं? अरे, माणूस कुठं आहे. झाडून सगळ्या बायका कापूस वेचायला गेल्यात. गेल्या रविवारी मीच विळा घेऊन बसलो होतो. पाठ धरली… हसू नको.

"म्हणून विचारतो, दुरुस्त होईल का?… थांब, नव्याचं नंतर. आधी दुरुस्तीचं सांग… अरे बाबा, ऐकून तर घे, मग का म्हण."

गुरुजींनी मान वळवून दाराकडं पाहिलं. ओसरीवर हातगाडीत यंत्र होतं आणि त्याला टेकून बायनाबाई बसली होती. बोर्डिंगच्या चाळीस पोरांचा स्वयंपाक तीच करायची. गुरुजींनी आवाज खाली घेतला.

"बायनाबाईमुळं. हो, आश्रुबाची बायको… श्रावणात गेला तो. तुला कळलंच होतं… हं. आता दसरा झाला ना. आदल्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी आश्रुबा यंत्र धुवायचा, झेंडू वाहायचा, तेल घालायचा. यंदा तिनं केलं. हळदीकुंकू तिनं लावलं न्हाई, ते लहान पोरीच्या हातानं लावून घेतलं. तेल मात्र स्वतः घातलं. करडईचं, घाण्यावरून ताजं आणून… न्हाई रे, तेलाच्या भोकात न्हाई. मोठं तोंड दिसलं त्यात. पेट्रोलच्या टाकीत… हो, सगळं.

"दसऱ्यानंतर इथल्या जिनिंगच्या चंद्रभान फिटरनं दोरी ओढली. पांढरा धूर निघाला, खाडकन आवाज आला आणि बसलंच… तेव्हापासून ती नीट जेवत न्हाई. पोरांना वाढते, स्वतः ताट घेत न्हाई. म्हणते, त्याच्या हातचं होतं, म्या मारलं. आता तू नवं धाडलंस आणि हे भंगारात गेलं, तर तिच्या जिवाला काय वाटेल? म्हणून म्हणतो, कसंही करून हेच चालू करून दे.

"काय?… तेलानं काही बिघडत न्हाई असं सांगून टाकू?… वैजीनाथ, हे खरं आहे का?… मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. तुझा पाढा चुकला तर मी कधी बरोबर म्हणालो का?… हं. टाकी धुतली की तेल निघतं. मग खाडकन कशानं झालं?… चीर आहे. चंद्रभान म्हणाला, खालच्या पेटीला बोटभर चीर गेलीय… रंग? चिरेचा रंग?… तो मी कुठं बघितला. लाइन धर, बघून येतो… अरे, ओसरीवरच आहे."

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून गुरुजी बाहेर गेले आणि यंत्राजवळ गुडघ्यावर बसले. बायनाबाई जरा बाजूला सरकली. गुरुजींनी चष्मा पुसला, चिरेवर नख फिरवलं आणि परत आले.

"आहेस ना?… काळी आहे. कडा काळ्या मिच्च, तेल मुरलेल्या. थोडीशी टोकाला तेवढी चकाकते… आणि वैजीनाथ, मधे काहीतरी मऊ भरलंय. नखानं उकरतं… शिसं?… काळी म्हणजे जुनी. म्हणजे दसऱ्याच्या आधीची, टोक तेवढं नवं. मग हे शिसं कुणी भरलं?

"…बोल ना… लाइन गेली का?… आहेस. मग सांग की.

"…कोण आला होता?… कधी?… उन्हाळ्यात. आश्रुबा हैद्राबादला आला होता तुझ्याकडं… हं… हं… सांधता येणार न्हाई, बिडाच्या ओतीव लोखंडाला टाका बसत न्हाई, असं तू सांगितलंस… मग?… शिसं ओतून एवढा पावसाळा काढतो म्हणाला. पुढं चालणार न्हाई हे ठाऊक होतं त्याला… आणि बायनाला सांगू नको म्हणाला. का?… उगं घोर लावून घेईल म्हणून…

"न्हाई, रागावलो न्हाई. तू शब्द दिला होतास, तो पाळलास. पण बाबा, ज्याला दिला तो आता न्हाई, आणि ज्याच्यापासून लपवायचं ते माणूस उपाशी बसलंय. आता मोकळा हो… मी न्हाई, तूच सांग. मी सांगितलं तर गुरुजी समजूत घालायलेत म्हणेल. तुझ्याशी तो बोलला होता.

"नव्याचं म्हणतोस ते मान्य. विलायतेहून सुटे भाग लढाईपासून येत न्हाईत, मग काय करणार… सिकंदराबादच्या साहेबाचं वापरलेलं चांगलं असेल तर रेल्वेनं धाड. जुनं भंगारात देणार न्हाई मात्र. पोरांना उघडून दाखवीन, आत काय असतं ते. बायनाबाई, इकडं या… या, घाबरू नका. आपला वैजीनाथ आहे. हे असं कानाला लावा. बोलायचं खालच्या बाजूनं."

बायनाबाईनं पदराला हात पुसले आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"कोण?… वैजीनाथ?… हाव, मीच हाय… जेवले की रे… न्हाई जेवले… सांग.

"…

"…उन्हाळ्यात? मला म्हणला, नांदेडला बहिणीकडं चाललो… हं… आंदीच फुटलं व्हतं?… म्या तेल घालायच्या आंदी?… त्येला ठावं व्हतं?

"…शिसं… म्हंजी हातावर डाग व्हता त्यो ह्याचा. म्या इचारलं तर म्हणला चुलीनं भाजलं. चुलीजवळ कवा बसला व्हता त्यो… तुला सांगितलं अन् मला न्हाई… हाव. हाव, माझ्या चांगल्यासाठीच. तरी सांगाया पायजे व्हतं.

"…धाड बाबा नवं. पोरं कोंडून पडलीत… हाव, जेवते. आज जेवते… वैजीनाथ, आजूक काय म्हणला त्यो? माझं काई… हं?… हॅलो?…"

तिनं रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि भेदरून गुरुजींकडं पाहिलं.

"गुरुजी, बोलायचा थांबला. म्या काई केलं का?"

गुरुजींनी तो तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावून पाहिला. पलीकडं नुसती घुं घुं होती.

"न्हाई, बायनाबाई. तुमी काही केलं न्हाई. लाइनच गेली."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.