इथे कोण खातंय

नलू : अहो, पण कप म्हणजे कुठला कप? चहाचा?

अण्णा : अमेरिकन कप, नलू. दोनशे चाळीस मिलिलिटर. फोनवर बघून खात्री केली मी.

नलू : मग सरळ वाटी म्हणावं की त्यांनी.

अण्णा : महापालिकेच्या पाणीखात्यात उभा जन्म गेला माझा. अख्ख्या दादरचं पाणी मोजलं, मला दीड कप मैदा मोजता येणार नाही?

नलू : दादरचं पाणी किती वेळा वेळेवर आलं ते मला विचारा. बादल्या मी भरत होते.

जुई : आजी, आजोबा, तुम्ही मोजूच नका ना. बाबा कधीच मोजायचा नाही. तो असं हातात घ्यायचा आणि म्हणायचा, 'अदमासे'.

अण्णा : ऐकलंस? अटलांटात जन्मलेली पोर अदमासे म्हणते. आणि अनुजाचा सिद्धांत ठाण्यात राहून अ‍ॅप्रॉक्स म्हणतो.

जुई : चुकलं का?

नलू : नाही गं. जुना शब्द झाला, म्हणून हसतायत. विक्रांतनं इथून जाताना जे मराठी नेलं तेच तुला दिलं. बोल तू. मला बरं वाटतं ऐकायला.

अण्णा : तुझ्या आत्याला मघाशी फोन केला, उद्या नाताळचं सगळे इकडेच जेवायला या, जुई पाय करतेय. तर अनुजा म्हणते, मटणाचे ना? मग लिंबं मी आणते.

जुई : मटणाचे?

नलू : त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझा तो तिकडचा गोड पाय, हे ठाऊक आहे त्यांना. तू मला हे पेकान दाखव आधी. अक्रोडच की हा. लांबट अक्रोड.

अण्णा : क्रॉफर्ड मार्केटातला दुकानदारही हेच म्हणाला. अक्रोड ले जाओ चाचा, किसको पता चलेगा.

जुई : मला पता चलेगा. म्हणून घरून आणले. शेजाऱ्यांचं झाड आहे, पण अर्ध्या फांद्या आमच्या अंगणात येतात. बाबा आणि मी खाली पडलेले गोळा करायचो. शेजारी बघत असले तर बाबा उगीच हवापाण्याचं बोलायला लागायचा.

अण्णा : अगदी तसाच होता. खालच्या मजल्यावरच्यांच्या कैऱ्या अशाच पाडायचा.

नलू : आणि हे सिरप का काय ते नाही मिळालं बाई. काकवी आणलीय यांनी. चालेल?

जुई : चालेल. रंग जरा डार्क येईल, बस.

नलू : मला वाटायचं हे सगळं तुझी आई करते. फोटोत दर वेळी तिच्याच हातात असायचा तो पाय.

जुई : आई फक्त फोटोपुरता धरायची. थँक्सगिव्हिंगला टर्की तिची आणि पाय बाबाचा. तो गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही काहीच केलं नाही. या वर्षी आईनं दुकानातून आणला. बाबाची ती काचेची डिश तिला कपाटातून काढवत नाही. मी एक घास खाल्ला आणि वर खोलीत जाऊन बसले. मग आईनंच तिकीट काढलं. म्हणाली, त्याच्या आईकडे जा.

नलू : मी काय देणार तुला, बाळा? मला तर हा पदार्थ कसला असतो तेही ठाऊक नव्हतं.

जुई : तू त्याची आई आहेस ना. तेवढंच पाहिजे होतं.

नलू : तुला एक सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. तिकडे गेल्यावर विक्रांतला इथलं काही नकोसंच झालं असं वाटायचं मला. दर दिवाळीला विचारायचे, कानवले पाठवू का रे? त्याचं एकच उत्तर. 'नको आई, इथे कोण खातंय.' शेवटी मी विचारायचं सोडून दिलं.

अण्णा : नलू, आता कशाला ते.

नलू : का नको? नातीला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? या शिवाजी पार्कात घरोघरी मुलांसाठी डबे भरले जातात. राधाबाईंचा गौतम कॅनडात बसून लसणीची चटणीसुद्धा मागवतो. आणि माझ्या मुलाला माझ्या हातचं काही नको. तो गेला, तरी ते मला टोचतं अजून. खोटं कशाला बोलू?

जुई : कानवले म्हणजे काय, आजी?

नलू : बघा. पोरीला नावसुद्धा सांगितलं नाही त्यानं.

अण्णा : अगं, करंजी. तळलेली, आत खोबऱ्याचं सारण. आमच्यात कानवला म्हणतात, त्याला पापुद्रे सुटतात.

जुई : अर्ध्या चंद्रासारखे? पांढरे? ते आले होते की आमच्याकडे.

नलू : तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी पाठवले होते. एकदाच. पोचले म्हणाला फोनवर, बाकी चकार शब्द नाही. त्यानंतर दर वेळी नकोच.

जुई : पोचले तेव्हा एक-दोन सोडले तर सगळ्यांचा चुरा झाला होता. कुणीतरी बॉक्स उघडून बघितला होता वाटेत. आई टाकून देणार होती, बाबानं हात धरला तिचा. मग तो रोज जेवण झालं की ओट्यापाशी उभा राहून चमच्यानं तो चुरा खायचा. थोडा थोडा. मला एक चमचासुद्धा दिला नाही. मी रडले होते त्यावरून, म्हणून लक्षात आहे.

नलू : चुरा खायचा?

जुई : शेवटचा दाणा संपेपर्यंत. मग डबा धुतला आणि गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू नाही केली. आईनं मला पाठवलं त्याला बोलवायला. तो म्हणाला, हे माझ्या आईनं केलंय आणि मी तिला तीन वर्षं पाहिलं नाही. आणि म्हणाला, असा डबा परत यायला नको. परत आला तर माझ्यानं इथे राहवणार नाही.

नलू : हे मला का नाही सांगितलं त्यानं?

अण्णा : सांगितलं असतं तर तू त्याच मिनिटाला म्हणाली असतीस, निघून ये.

नलू : हो. म्हणाले असते.

अण्णा : आणि तो आला असता. मग काय केलं असतं आपण? लहान पोर, घराचे हप्ते, हिच्या आईची नोकरी.

नलू : ते सगळं कळतं मला. पण इतकी वर्षं मी त्याच्यावर रुसून होते हो. फोनवर तुटक बोलायचे. आणि तो तिकडे चमच्यानं चुरा खात होता.

जुई : आजी, मी सांगायला नको होतं का?

नलू : नाही, बरं केलंस. ये. पीठ उघडं पडलंय, कोरडं होईल. लाट तू. मी बघते.

(जुई लाटलेली मोठी पोळी काचेच्या थाळीत बसवते आणि थाळीभर कडा दुमडत जाते.)

नलू : थांब. हे काय करतेस?

जुई : क्रस्टची कड. चुकलं?

नलू : ही कानवल्याची मुरड आहे.

जुई : नाव नव्हतं बाबानं सांगितलं. चिमटीत धरायचं, दुमडायचं, दाबायचं, पुढे जायचं. आमच्याकडे सगळे काट्यानं दाबतात. बाबा काट्याला हात लावू द्यायचा नाही.

अण्णा : नलू, हात बघ तिचा.

नलू : तेच बघतेय. जुई, तू जेवतेस उजव्या हातानं. लिहितेसही उजव्यानंच. मग ही डाव्यानं का?

जुई : ही डाव्यानंच करतात ना?

अण्णा : तुझा बाबा डावरा होता, बाळ.

जुई : ते माहितीय. पण मला वाटलं, ही सगळेच डाव्या हातानं करतात. तो माझ्या मागे उभा राहायचा आणि माझ्या हातावर हात ठेवायचा. या हातावर.

नलू : कुणी नाही करत अशी. दिवाळीत तो माझ्याजवळ पाट ओढून बसायचा. सासूबाई म्हणायच्या, डाव्या हाताचं देवाला चालत नाही, उठव त्याला. मी म्हणायचे, देवाचे मी करते, त्याचे घरच्यांना होतील. त्याची मुरड उलट्या बाजूला झुकायची. डब्यात हात घातला की कळायचं, हा विक्रांतचा. अनुजा मुद्दाम तेच शोधून काढायची.

अण्णा : आणि मग भांडणं. मी ऑफिसातून येऊन ती सोडवायची.

नलू : शिकवलं नव्हतं हो मी त्याला. मुलाला कोण शिकवतं? नुसतं बघून बघून उचललं त्यानं. आणि तिकडे दर वर्षी...

जुई : दर वर्षी. आम्ही दोघं. मी पाच वर्षांची असल्यापासून.

नलू : मला रडू येतंय. येऊ दे. तुम्ही नका मला गप्प करू.

अण्णा : मी कुठे काय म्हणतोय? मी ओव्हन लावतो. शेजारच्या ऋताचा आहे, तिनं बटणं नीट समजावून दिलीयत.

जुई : आजी, उरलेली कड तू कर ना. अर्धी माझी, अर्धी तुझी.

नलू : माझी उजवीकडे झुकणार. तुझीशी जुळायची नाही.

जुई : मग?

नलू : मला तुझ्यासारखी दाखव. डाव्या हातानं. सावकाश हं, बोटं आखडलीयत माझी.

जुई : अंगठा आत ठेव. हे बोट बाहेर. आता तुझ्याकडे ओढ. नाही, इकडे नाही, आजी. तिकडून.

नलू : अशी?

जुई : थोडी जास्त दाब. थांब, मी तुझ्या मागे येते. दे हात.

अण्णा : नलू, ओव्हन तापला गं.

नलू : तापू दे. मला अजून जमत नाहीये.