भाऊ प्यायले ते पाणी

आबा, नाना, अक्का, आणि पारोळ्याहून आलेली रंगारी मंडळी,

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात. आमच्याकडे बाई चार माणसांत उभी राहून बोलत नाही. ज्यांना तुम्ही भाऊ म्हणत होतात, त्यांच्याबरोबर मी संसार केला. आता ते नाहीत. तरी मी बोलणार आहे, कारण माझ्याआधी जे बोलले त्यांनी एक गोष्ट चुकीची सांगितली.

ते म्हणाले, भाऊंनी नाल्याचं पाणी गंगेसारखं केलं. नाही केलं.

काय केलं ते सांगते. रंगाऱ्यांच्या हौदांतलं पाणी नाल्यानं आपल्या शिवारात येतं. विलायती रंग आल्यापासून बैल त्याला तोंड लावीनात. रंगाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनाही पोट आहे. मी माझी मीच वाचायला शिकलेली बाई. एका मासिकात वाचलं की साखर करताना रसाचा रंग कोळशातून गाळून काढतात. अडखळत यांना वाचून दाखवलं. यांनी पुन्हा वाचायला लावलं. कापूस वेचून झाला होता, शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्याच होत्या. यांनी त्या खड्ड्यात पेटवल्या आणि राख होऊ नये म्हणून वर ओली माती लोटली. तो कोळसा कुटला, नाल्याच्या वाटेत दुसरा खड्डा खणून त्यात वाळूबरोबर भरला. पलीकडे पाणी निघालं ते बिनरंगाचं.

त्याआधी, काळ्या कोळशानं पाणी कसं उजळेल म्हणून सगळे हसत होते. "भाऊ, काया कोयसाघाई पानी धवयं व्हस का?" पाणी खरंच स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा म्हणाले, "मंग तुम्हीच प्या ना पहिले." आणि हे प्यायले. तांब्याभर, सगळ्यांसमोर.

घरी आल्यावर मी विचारलं, एवढी तहान लागली होती का? ते हसले नाहीत. म्हणाले, "हट्टानं प्यायलो. दिसतं तेवढं कोळशानं धरलं. न दिसणारं काय उरलं, मला ठाऊक नाही. हे पाणी शेताला. माणसाला नाही."

मग लोकांना सांगा, मी म्हटलं. सांगतो म्हणाले. आत्ता सांगितलं तर उद्या खड्डाच बुजवतील, जरा दम धर. मी दम धरला. मग ताप आला, आणि सांगायचं राहून गेलं. त्या पाण्यानंच गेले का? मला माहीत नाही. डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

आता गावातल्या विहिरी तळाला गेल्यात, आणि बाया खड्ड्याच्या खालून हंडे भरतात. मी अडवलं, तर म्हणाल्या, भाऊंच्या हातचं पाणी बाधत नाही, वहिनी. पाठ फिरवून एकमेकींना म्हणाल्या, दुःखात बोलते बिचारी.

आणि तो कोळसा? पाण्याला रंगाची झाक दिसायच्या आत हे तो उपसून नवा भरत. ते अंथरुणाला खिळल्यापासून कोणी हात लावलेला नाही. खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलंय. लोक चपला काढून जवळ जातात. अहो, भरलेला कोळसा आणखी काय धरणार? मान देता देता तुम्ही त्यांचं काम बंद पाडलंत.

आबा, तुम्ही मान हलवता आहात. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडते, असं वाटतं ना? ते खोटे नव्हते. एकदा चुकले, आणि निस्तरायला वेळ मिळाला नाही. ती चूक मी पूजेला लावू का?

पिण्याचं पाणी वरच्या विहिरीवरून आणा, तिला अजून पाणी आहे. लांब आहे, मला माहीत आहे. आणून उकळा. खड्ड्यातला जुना कोळसा काढा, नवा भरा, ते पाणी शेताला द्या. रंगारी मंडळी, पऱ्हाट्या आम्ही देतो, उपसायला माणसं तुम्ही द्या.

यापुढे मला बोलवत नाही. आपण सगळे थोडा वेळ गप्प उभे राहू. ज्यांच्या घरी आज त्या पाण्याचा हंडा भरलेला आहे, त्यांनी तेवढ्या वेळात यांना नाही आठवलं तरी चालेल. आपल्या लेकरांना आठवा.